दुसरं अक्षर सांगा

तर काल मी तुम्हाला कुठवर आणून सोडलं होतं? हां, मेरेरिदनं फोन खाली ठेवला, इथवर. आपटला नाही बरं का. आपटला असता तर मलाही हायसं वाटलं असतं. झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा ठेवला, आणि पॅसेजमधल्या खुर्चीवर तशीच बसून राहिली.

मी तिच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा पडलेला. नळ गळत होता, हातात पाना, कॉलरमधून पाणी पाठीत उतरलेलं. तिथूनच ओरडलो, "काय गं, तोडलं का त्यांनी मध्येच?"

"इडवल," ती म्हणाली, "बँकेतली ती बाई म्हणते, मला माझा शब्द आठवत नाही."

काल जे आले नव्हते त्यांना सांगतो. ही मेरेरिद म्हणजे आमच्या रिडगोच या वेल्श खेड्यातली मेरेरिद कँटीन. आमच्याकडे आडनावं चार आणि माणसं चारशे, तेव्हा जो तो आपल्या धंद्यानं ओळखला जातो. मी शाळेची बस चालवायचो म्हणून इडवल बस. तिनं एकतीस वर्षं शाळेच्या पोरांना जेवायला घातलं म्हणून ती कँटीन. मी सकाळी पोरं गोळा करून आणायची आणि तिनं दुपारी त्यांची पोटं भरायची. तिच्या हातचा मनुकांचा पाव खाऊन वाढलेली पोरं आता टकली झाली, तरी ती रस्त्यात दिसली की खिशातले हात बाहेर काढतात. नवरा इथेल, मेंढ्यांची लोकर कातरणारा, सहा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. म्हणजे गाव असंच धरून चाललं होतं.

आणि गावाला तिची एकच गंमत ठाऊक होती, की मेरेरिद बँकेला फार फोन करते. दर सोमवारी दहा वाजता. पोस्टात बायका म्हणायच्या, "हिच्याकडे नक्की खजिना असणार. नाहीतर दर आठवड्याला काय विचारते, विजेचं बिल गेलं का म्हणून?" मीही तिला चिडवायचो, "मेरेरिद, मेल्यावर माझ्या नावानं एखादी थैली तरी ठेव त्यातली." ती हसायची. पण सोमवारी दहाच्या ठोक्याला ॲप्रन काढून, हात कोरडे करून, केस नीट करून फोनजवळ बसायची. बिलाची चौकशी करायला केस कशाला नीट करायचे, हे मला तेव्हा सुचलं नाही. बस चालवणाऱ्याचं लक्ष समोर असतं.

त्या दिवशी सिंकखालून बाहेर आलो आणि तिला चहा करून दिला. तिच्याच घरात तिला चहा करून द्यायची वेळ पहिल्यांदाच आली. तेव्हा तिनं सांगितलं. मी कुणाला बोललो नव्हतो. आता तिनंच सांग म्हटलंय म्हणून सांगतो.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती. झाली ती निपचितच. त्या काळी नर्स असं बाळ कापडात गुंडाळून न्यायची आणि आईला म्हणायची, विसरून जा, दुसरं होईल. कुठे पुरलं ते सांगत नसत. नावाची नोंदही होत नसे. पण नाव तर दोघांनी पोटात असतानाच ठरवलं होतं, ल्हिनोस. घरी परत आल्यावर ते नाव ना इथेलनं उच्चारलं, ना तिनं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. पाळणा इथेलनं शेजारगावी देऊन टाकला आणि विषय संपला.

मग वीसेक वर्षांपूर्वी बँकेनं फोनवरून व्यवहार सुरू केले. ट्रेगारोनच्या शाखेत दोघं फॉर्म भरायला गेली. फॉर्मवर एक रकाना होता, खुणेचा शब्द. निदान सहा अक्षरांचा. इथेलनं पेन उचललं आणि विचार न करता लिहून टाकलं, ल्हिनोस. मेरेरिद शेजारीच बसली होती, तिनं पाहिलं. काउंटरवरच्या माणसानंही पाहिलं आणि शिक्का मारला. घरी येईपर्यंत बारा मैल दोघं गाडीत काही बोलली नाहीत.

"पण लिहिताना त्याचा हात अडखळला नाही, इडवल," ती मला म्हणाली. "म्हणजे तो रोज मनात लिहीत असणार."

तेव्हापासून बघा कसं झालं. बँक सबंध शब्द कधीच विचारत नाही. चोराचिलटाची भीती म्हणून दोनच अक्षरं विचारते, कधी पहिलं आणि चौथं, कधी तिसरं आणि पाचवं. इथेल फोन करायचा तेव्हा पॅसेजचं दार लोटून घ्यायचा. ती इकडे भांडी विसळायची थांबायची. दारापलीकडून त्याचा आवाज यायचा, "एन." मग जरा वेळानं, "ओ." एवढंच. चौदा वर्षं तो माणूस आपल्या मुलीला अशी तुकड्यातुकड्यांनी हाक मारत होता आणि ती ओले हात घेऊन ऐकत होती.

तो गेल्यावर फोन तिच्याकडे आला. बँकेची एक वेल्श भाषेची लाइन होती, तिच्यावर एर्लिस नावाची बाई असायची. एर्लिस विचारायची, "आज दुसरं आणि पाचवं सांगता का?" मेरेरिद सांगायची. मग पलीकडे थोडी शांतता पडायची, एर्लिस पडद्यावर पडताळून बघायची तेवढीच. "त्या वेळी ना," मेरेरिद म्हणाली, "आम्ही दोघी तिच्याकडे बघत असायचो. सबंध जगात तिचं नाव लिहिलेलं ते एकच ठिकाण. दर सोमवारी कुणीतरी ते उघडून बघायचं. मला तेवढंच हवं असायचं. बिल गेलं असेल नाहीतर नसेल."

तो खजिन्याचा विनोद मी किती वर्षं केला होता!

आता त्या दिवशी काय बिनसलं? बँकेनं आधी ट्रेगारोनची शाखा बंद केली. तिथे आता कॉफी मिळते, आणि महाग मिळते. मग एर्लिसची लाइन बंद केली. त्या सोमवारी फोन भलत्याच गावी इंग्रजीत लागला. पोरगी वाईट नव्हती हो, गोड बोलत होती. म्हणाली, "दुसरं अक्षर सांगा." मेरेरिद म्हणाली, "आय."

"चूक. पुन्हा प्रयत्न करता का? चौथं?"

"ओ."

"हेही चूक. शेवटची संधी. पाचवं?"

"एस."

"सॉरी मॅडम. तुम्हाला तुमचा शब्द आठवत नाहीये. सुरक्षेसाठी तुमची फोनची सोय बंद करावी लागेल."

मी कागद घेतला आणि मोजलं. आणि डोक्यात प्रकाश पडला! आमच्या वर्णमालेत ल्ह हे एक अक्षर. लिहिताना एल दोनदा काढायचा, पण मोजायचा एकदाच. आमच्या मास्तरांनी तर ते पट्टी मारून शिकवलेलं. म्हणजे ल्हिनोस आमच्या हिशेबानं पाच अक्षरी. इंग्रजी मोजणीत सहा: एल, एल, आय, एन, ओ, एस. एर्लिस आमच्यासारखंच मोजायची, म्हणून सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. आता दुसरं अक्षर आय नाही, दुसरा एल. तिथून पुढे सगळंच एकेक घर सरकलेलं.

"अगं मग सोपं आहे," मी म्हणालो. "खात्री पटवून सोय पुन्हा सुरू करून घे, आणि यापुढे त्यांच्यासारखं मोज!"

मेरेरिदनं माझ्याकडे असं बघितलं की कँटीनमध्ये ताटातला पाला टाकून देणाऱ्या पोराची आठवण झाली. "तिला मी नऊ महिने पोटात वागवलं आणि नाव त्यांच्या मोजणीनं घेऊ? मला बँक बदलायची आहे. तू गाडी काढ."

बँक निवडायला माणसं काय बघतात? व्याज बघतात, शाखा जवळ आहे का बघतात, कुणी नवीन खात्यावर काही भेट देतंय का बघतात. मीही यादी करून नेली होती. माझा जावई तर म्हणाला होता, कुठे जायलाच नको, मोबाईलवरच बँक असते, चेहरा दाखवला की उघडते.

"माझा चेहरा बघून मिटेल ती," मेरेरिद म्हणाली. मग सावकाश विचारलं, "आणि शब्द?"

"शब्द लागतच नाही म्हणे."

तिनं मोबाईलच्या बँकेवर तिथेच काट मारली.

पहिल्या बँकेत एक तरणा मुलगा हातात पाटीसारखा संगणक घेऊन उभ्यानंच बोलत होता. खुर्ची द्यायची त्याला सुचलं नाही. सांगत होता, "आजी, आमच्याकडे तुम्हाला काहीच लक्षात ठेवायची गरज नाही. अंगठा लावला की झालं!" फार अभिमानानं सांगत होता. मेरेरिद म्हणाली, "आणि मला लक्षात ठेवायचंच असेल तर?" तो हसला. त्याला वाटलं म्हातारी विनोद करतेय. आम्ही निघालो.

दुसऱ्या बँकेत शब्द होता. खुर्च्याही होत्या. बाई म्हणाली, "फक्त शब्दाला एखादा आकडा जोडावा लागतो. शेवटी एक लावा किंवा सात लावा, काहीही."

"नावापुढे आकडा?"

"हो, सगळेच लावतात."

"आकडा मेंढराच्या कानातल्या बिल्ल्यावर असतो, बाई," मेरेरिद म्हणाली आणि पर्स उचलली. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर तिनं कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला. मी हीटर लावला. थंडी नव्हती खरं तर. मी म्हटलं, "घरी जाऊ या का? उद्या बघू."

"उद्यापर्यंत ती कुठे राहील?" ती म्हणाली. मला आधी कळलंच नाही ती कोणाबद्दल बोलतेय. आणि कळलं तेव्हा मी आरशात मागची सीट बघितली, शपथेवर सांगतो, बघितली.

तिसरी म्हणजे लॅम्पिटरमधली छोटी पतसंस्था. कापडाच्या दुकानाशेजारी, दोन खिडक्या, एक कुंडी. टेबलाशी पंचविशीची मुलगी, छातीवर नावाची पट्टी, फ्लूर. तिनं आमच्या भाषेत "या, बसा" म्हटलं आणि मेरेरिदचे खांदे चार बोटं खाली आले.

"तुमच्याकडे खुणेचा शब्द असतो का?" मेरेरिदनं व्याजाच्या आधी हे विचारलं.

"असतो."

"आणि ल्ह किती अक्षरं?"

फ्लूर हसली. "माझ्या नावात दोनदा एफ काढतात, आजी. माझ्या आयुष्यात फक्त आईला आणि शाळेला ते एक अक्षर वाटलं. इथे फोन आम्ही तिघीच घेतो. एकच मोजू."

मी मनात म्हटलं, सुटलो. मेरेरिदनं कागदपत्रं पुढे केली. फ्लूर भराभर लिहू लागली आणि समजावू लागली, की जुन्या बँकेशी आता तुम्हाला बोलावंही लागणार नाही, बिलं, पेन्शन सगळं आपोआप इकडे येईल, सात दिवसांत जुनं खातं आम्हीच बंद करून टाकू.

"बंद म्हणजे?"

"म्हणजे राहणारच नाही."

"तिथला शब्द?"

"खातं गेलं की तोही कधीतरी पुसतात. काळजी करू नका, कुणाच्या हाती लागणार नाही."

मेरेरिदनं कागदपत्रांवर हात ठेवला. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, खिडकीची काच थरथरली. तिच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून मला समजलं, इथेलच्या हातचं ते एकुलतं एक लिहिणं आता जाणार. इथे बसून सही करायची म्हणजे त्या पोरीला पुन्हा एकदा कापडात गुंडाळून नर्सच्या हातात द्यायचं. आणि सही नाही केली तर ती राहील तिकडे, पण आईला विचारतील तेव्हा आईचं प्रत्येक अक्षर चूक.

फ्लूरनं घाई केली नाही. फॉर्म वळवून समोर ठेवला, पेन त्यावर आडवं. मी खिडकीतली कुंडी बघत बसलो.

मग पेनचा आवाज आला. सहा-सात रेघा, बस्स. तिचाही हात अडखळला नाही.

फ्लूरनं फॉर्म ओढून घेतला, रकाना वाचला. ओठ हलले, पण आवाज काढला नाही. मग जरा ओशाळून म्हणाली, "आजी, नियम आहे म्हणून विचारते हं. घरच्या माणसाचं नाव चालत नाही, कुणीही सहज ओळखतं. या नावाचं तुमच्या घरात कुणी आहे का?"

आमच्या भाषेत ल्हिनोस हे एका चिमुकल्या पाखराचंही नाव. "पाखराचं नाव आहे गं ते" एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं, आणि खोटंही ठरलं नसतं. मी तेच म्हणायला तोंड उघडलं. मेरेरिदनं माझ्या बाहीवर हात ठेवला, आणि त्या मुलीकडे बघत म्हणाली,

"आहे गं. पण तिला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी राहिलं नाही. तू खुशाल लिही."