मुकुटातला एवढासा बुद्ध

आमच्या विहारात बुद्धमूर्तीशेजारी चिनी मातीची एक पांढरी मूर्ती होती, बाईची. हे ट्रकवर होते तेव्हा बंदराजवळच्या बाजारातून त्यांनी ती आणून विहाराला दिली होती. हे गेल्यापासून दर रविवारी वंदनेआधी ती मीच पुसायची.

एका रविवारी विहाराचा कारभार पाहणारे आबा म्हणाले, “अक्का, हाई ते देवी शे. आपला विहारमा देवी कशाले? पौर्णिमेला काढून ठेवू.”

चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. मी मूर्ती पुसत राहिले.

लेक धुळ्याला कॉलेजात आहे. ही मूर्ती कोणाची ते शोधायला तिच्याबरोबर तिथल्या ग्रंथालयात गेले. बुद्धावरची पुस्तकं पुष्कळ, चिनी मूर्तींवर एकही नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, परदेशातली मोठी संग्रहालयं स्वतःकडच्या वस्तूंचे फोटो माहितीसकट इंटरनेटवर ठेवतात, तिथे बघा. लेकीने मोबाइलवर ‘चिनी देवी’ असं टाकलं. भलत्याच देव्या आल्या.

बाई म्हणाल्या, “अहो, देवी आहे हे तुम्हीच ठरवून टाकलं. डोळ्यांना दिसतं तेवढंच टाका.”

मग मी सांगत गेले. पांढरी, हातात पाण्याची सुरई, मुकुटात बसलेला एवढासा बुद्ध. तशीच मूर्ती निघाली. लेकीने माहिती मराठीत करून वाचली. नाव ग्वानयिन. मूळचा अवलोकितेश्वर, बोधिसत्त्व, भारतातून तिकडे गेलेला. तिकडे हळूहळू त्याचं रूप बाईचं झालं. अजिंठ्याला हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व मी पाहिला होता. तो हाच की!

पण खाली आणखी लिहिलं होतं. तिथल्या बाया तिला नवस करतात, मूल मागतात. आपल्यात तर नवस चालत नाही.

लेक म्हणाली, “आई, एवढं आबांना नको सांगू.”

बसमध्ये तेच डोक्यात होतं. अर्धं सांगितलं तर यांनी आणलेली मूर्ती जागेवर राहील. पण पुसताना तिच्याकडे मी कशी बघू?

पौर्णिमेला सगळ्यांसमोर दोन्ही सांगितलं, बोधिसत्त्वाचं आणि नवसाचंही. आबा मुकुटाकडे बघत म्हणाले, “म्हंजे आपला पोऱ्या चीनमा गया आनि पोरगी व्हईसन परत उना!”

सगळे हसले. मीही हसले.

मूर्ती बुद्धमूर्तीशेजारून उतरली, पण विहाराबाहेर गेली नाही. पुस्तकांच्या कपाटावर आहे. तिथे कोणी हात जोडत नाही. पोरी मात्र थांबून विचारतात, ही कोण? मी म्हणते, आधी काय दिसतं ते सांग.