शकूच्या मागे बिबट्या नव्हता

माझ्या धाकट्या जावेला, शकूला, पहिल्यांदा पळताना पाहिलं तेव्हा मी शहाणीने काय करावं? "बिबट्या! बिबट्या!" म्हणून बोंब ठोकली. हातात टमरेल, पहाटेचं धुकं, कालव्याच्या चारीच्या रस्त्याने पदर खोचून शकू सुसाट सुटलेली आणि तिच्या मागे पिवळं काहीतरी... बाई उगाचच पळते, हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. राजुरीच्या उसात तेव्हा बिबट्यांचं येणं-जाणं सुरू झालं होतं. सगळी वस्ती काठ्या, ताटल्या आणि दिवाळीचे उरलेले फटाके घेऊन धावली. पाहतो तर शकू पोराच्या शाळेचे बूट घालून धापा टाकत उभी, आणि आमचा मोत्या कुत्रा तिचे पाय चाटतोय. सगळ्यात जास्त मीच हसले. पुढे येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. मी चाळिशी उलटलेली बाई, पण अक्कल मोत्याएवढी. नाही, मोत्याला निदान कळत होतं की ती पळतेय म्हणजे पळतेय.

त्या माझ्या बोंबेने तिचं पळणं चव्हाट्यावर आलं. सुरुवात साधीच होती. दुधाचा टेम्पो चुकू नये म्हणून ती किटली घेऊन पळायची. मग एक दिवस मला हळूच म्हणाली होती, "आक्का, आज किटली नव्हती तरी पळाले. लई हलकं वाटलं." मी म्हटलं, "डोकं हलकं झालं असंल," आणि विसरून गेले. आता सासऱ्यांनी ओट्यावर बसून निकाल दिला, "बैल पळवायला घाट हाये, बाया पळवायला न्हाई." घाटात बैलगाड्यांची शर्यत पाहायला हीच माणसं दिवसभर उन्हात उभी राहतात, बैलाच्या अंगावर गुलाल टाकतात! शकूचे बूट माळ्यावर गेले. तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, त्या पहाटे टोमॅटो घेऊन नारायणगावला गेलेले. परत आल्यावर सगळं ऐकलं, मान खाली घालून चहा प्याले आणि बैलांना वैरण टाकायला गेले. त्यांची मान आयुष्यभर तिथेच राहिली.

सासरे गेल्यावर शकूने बूट पुन्हा काढले. पोराचे नाही, स्वतःचे घेतले. लोक हसायचे, ती पळायची. मग पुण्यात शिकणाऱ्या तिच्या पोराने कुठल्याशा शर्यतीची बातमी आणली. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात. बाईच्या डोक्यात किडा शिरला. भाकरी थापता थापता मला विचारायची, "पळणं तर येतंच. सायकल शिकंन पडत-झडत. पाण्याचं काय करू, आक्का?" आंबेगावात घोडनदीच्या काठी वाढलेली पोर, पण नदीत उड्या मारायच्या त्या भावांनी; हिने काठावर त्यांचे कपडे धुवायचे. मी म्हटलं, "आधी बुड, मग बघू." एवढं बोलून मीच दोर घेऊन विहिरीवर बसायला लागले... ती पाठीला रिकामे कॅन बांधून आत, मी वर. दोन म्हाताऱ्यांचा तमाशा.

विहीर सामाईक. चुलत दीर गेनूभाऊ आले. "आक्का, बाया पाण्यात उतरल्या तर पिणाऱ्यांनी काय करायचं?"

"तुमची पोरं उन्हाळाभर उघडीनागडी उड्या मारत्यात, तवा काय करता?"

"ती पोरं हायती."

"मग ही काय म्हैस हाये?"

विहिरीतून शकूचा आवाज आला, "म्हैस तर बरी पोहती, आक्का!" ती हसत होती. पण गेनूभाऊंनी मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं, भावकी गोळा केली आणि शकू सुसरीसारखी तरंगायला लागली होती तेव्हाच विहीर आम्हाला बंद झाली. शर्यत राहिली, पळणं तेवढं चालू राहिलं. शकूचा नवरा, आमचे भावजी, तिथेही होते. चप्पल बघत उभे होते.

महिन्याभरापूर्वी कांद्याच्या चाळीत कांदे निवडता निवडता ती आडवी झाली. डोक्यातली शीर तुटली. डॉक्टर म्हणाले, हे कुणालाही, कधीही होतं.

दशक्रियेला आमच्याकडे नदीवर माइक असतो. पुरुष बोलतात, बायका मागे बसून डोळे पुसतात. गेनूभाऊ उठले. म्हणाले, वहिनी गुणाच्या, सुगरण, पण पळापळीचा नाद नडला, आयाबायांनी धडा घ्यावा. माझं डोकं फिरलं. समोर शाळेतल्या पोरी बसल्या होत्या, शकूमागे पळायला शिकलेल्या. उद्यापासून त्यांचे बूट माळ्यावर जाणार, हे मला दिसत होतं. मी उठले, माणसांतून वाट काढली आणि त्यांच्या हातातला माइक घेतला.

"पळण्यानं मेली न्हाई ती. पळत होती म्हणून एवढी जगली, तुमच्यात. बिबट्या, बिबट्या म्हणून मी ओरडले व्हते, तो बिबट्या नव्हताच. तिला फाडायला बसलेले समदे काठ्या घेऊन समोरच उभे व्हते, मी धरून. पोरींनो, उद्या पहाटं चारीवर या. मला पळता येत न्हाई, मी काठी घेऊन बसते. कोण अडवतो बघू."

गेनूभाऊ माइकची वायर गुंडाळायला लागले, जसं काही तेच काम करायला आले होते. मी पायरीवर जाऊन बसले तर शेजारी भावजी. मुंडण केलेलं डोकं, खाली घातलेली मान. आता यांनाही चार शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच बोलले.

"वहिनी, मी तिला एकदाबी पळताना बघितलं न्हाई वो. कशी पळायची ती?"