अक्कांचे चार तास

"हा हात तुझा, हा माझा."

खुर्चीत टेकल्या टेकल्या अक्का डावा हात माझ्याकडे सरकवायच्या आणि उजव्या हाताने पिशवीतून वही काढायच्या. मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात डायलिसिसच्या यंत्रांवर काम करतो. सुई टोचताना बहुतेक माणसं तोंड फिरवतात, काही देवाचं नाव घेतात. अक्का त्या वेळी मागच्या खेपेला आपण कुठे थांबलो होतो ते वाचत असायच्या.

गडहिंग्लजला एसटी स्टँडजवळ त्यांची खानावळ होती. नवरा लवकर गेला, मुलगा लहान. तीस वर्षं त्यांनी लोकांना जेवू घातलं. त्या कथा लिहायच्या हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दोन दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या, तेवढंच. मग मूत्रपिंडं निकामी झाली, खानावळ बंद पडली आणि दर सोमवारी, गुरुवारी पहिली गाडी पकडून त्या आमच्याकडे येऊ लागल्या. गडहिंग्लजच्या यंत्रांवर तेव्हा जागा नव्हती.

डायलिसिसला चार तास लागतात. तुम्ही कधी कुणासोबत अशा खोलीत बसला असाल, तर ते तास कसे जातात हे तुम्ही पाहिलं असेल. माणसं छताकडे बघतात, मोबाईल बघतात, पायात गोळे आले की ओरडतात. अक्का लिहायच्या. एकदा मी यंत्र बंद करायला गेलो तर म्हणाल्या, "झालं पण? थोडं चालू ठेव की."

"अक्का, बाकीचे लवकर सोडा म्हणून मागं लागतात."

"त्यांच्याकडं घरात कोण जेवाय मागत नसंल." मग वही मिटत म्हणाल्या, "तीस वर्षांत मला सलग अर्धा तास मिळाला न्हाय. तव्यावर भाकरी टाकायची आणि एक ओळ लिहायची. हितं मला कोण ऊठ म्हणत न्हाय. उठताच येत न्हाय."

रुग्णांना धीर द्यायला एकदा एक व्याख्याते आले होते. आजाराचे आभार माना, त्याने तुमची स्वतःशी भेट घडवली, असं काहीसं ते सांगत होते. अक्कांनी मान वर न करता विचारलं, "आजाराचं कशापायी? त्यानं माझी खानावळ खाल्ली. पोटभर पाणी प्यायचं बंद केलं. मी आभार मानते ते ह्या खुर्चीचं." व्याख्याते हसले. अक्का हसल्या नाहीत.

शेजारच्या खुर्चीत चंदगडकडचे एक मामा असत, काजूच्या बागेचे मालक. अक्का लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायच्या. एका गोष्टीत म्हातारी म्हैस विकायचा प्रसंग होता. मामांनी डोळे पुसले आणि एकदम चिडून विचारलं, "हे सगळं खोटं हाय न्हवं?"

"व्हय, खोटंच."

"मग मला रडू कशानं यायलंय?"

"ते मला काय इचारता? म्हैस तुमची असंल कुठलीतरी."

मामांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. पुढच्या खेपेला मात्र काजूची पुडी घेऊन आले. दोघांनाही ते काजू खायची परवानगी नव्हती. ते आम्ही खाल्ले.

डायलिसिससाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून एक जागा तयार करतात. तिथे बोट ठेवलं की आत थरथर लागते. एका सोमवारी मी अक्कांच्या डाव्या हातावर बोट ठेवलं आणि काहीच लागलं नाही. रक्त गोठून जागा बंद पडली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की त्या हातात आता चांगली शीर उरलेली नाही, नवीन जागा उजव्या हातात करावी लागेल; तोवर मानेत नळी घालून भागवू.

अक्कांनी विचारलं, "मानेतल्या नळीतनंच चालवलं तर?"

"तात्पुरतं चालेल. कायमचं नाही."

त्या दिवशी वही पिशवीतच राहिली. चार तास त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढले. मामांनी दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा अक्का खेकसल्या, "गप बसा की जरा!" त्यांचा एवढा मोठा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. ती जागा वापरण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात. तोवर मानेतल्या नळीतून डायलिसिस चालायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. तरी अक्का पेन डाव्या हातात धरून बसल्या. पहिल्या दिवशी पानभर नुसता 'अ' काढला. तोही वाकडा.

मी म्हणालो, "अक्का, अजून उजवा रिकामा आहे. तोवर लिहून घ्या."

"रिकामा हाय म्हणूनच. तो अडकल्यावर शिकत बसू व्हय?"

उजव्या हातात सुया सुरू झाल्या तेव्हा त्या डाव्या हाताने दिवसाला सहा-सात ओळी लिहू लागल्या होत्या. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. एकदा स्वतःच म्हणाल्या, "पहिला हात पळायचा, मागनं मी. आता हात चालतच न्हाय, मग मी वाट बघत बसते. वाक्यं बारकी झाल्यात. पर बरी झाल्यात." मी वाचून पाहिली. मला त्यातलं फार कळत नाही, पण खोडाखोड खरंच कमी होती.

मामांना पुढे बेळगावला सोय झाली आणि ते यायचे थांबले. मग ऐकायला मीच.

शेवटच्या सोमवारी अक्कांना अंगात कणकण होती. पेन बोटांत टिकेना. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "तूच लिही. मी सांगते."

गोष्ट एका खानावळीची होती. एक अनोळखी माणूस भर दुपारी येतो, स्वयंपाक संपलेला असतो, बाई त्याच्यासाठी पुन्हा चूल पेटवते. अक्का डोळे मिटून सांगत होत्या. मध्येच "ते खोड" म्हणायच्या. मी खोडायचो. तासाभरात तीनच ओळी झाल्या. शेवटची अशी होती: पावण्यानं हात धुतला, रिकाम्या ताटाकडं बघितलं आणि म्हणाला,

"पुढं?" मी विचारलं.

"मला तरी कुठं ठाव हाय? टिंब देऊ नको तिथं. गुरुवारी बघू."

गुरुवारी त्या आल्या नाहीत. दुपारी मुलाचा फोन आला. पहाटे गाडीला निघायच्या आधीच गेल्या होत्या. सोमवारपासून ती खुर्ची इचलकरंजीच्या एका बाईंना मिळाली. जागेसाठी नेहमीच रांग असते.

महिन्याभराने त्यांच्या मुलाचा पुन्हा फोन आला.

"आईच्या वहीत शेवटच्या तीन ओळी येगळ्या अक्षरात हायत. तुमच्या काय?"

"हो. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो."

"मग तो पावणा काय म्हणाला?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "गुरुवारी सांगणार होत्या."

मग तो म्हणाला, "व्हय. त्या पहाटं पिशवी भरून दाराजवळ ठेवलेली. वही वरच होती."