फिरत्या खुर्चीतलं विमान

पहिल्या दिवशी मी नातीला खुर्चीत बसवून नऊ गिरक्या दिल्या. दहाव्या गिरकीला ती उठली आणि गोठ्यामागं जाऊन सकाळची भाकरी ओकून आली. तोंड धुतलं, बाहीला पुसलं आणि परत येऊन खुर्चीत बसली.

"आबा, परत."

"मरशील पोरी."

"मेले तर मेले. परत."

खरं सांगतो, त्या दिवशी मला कितीतरी महिन्यांनी हुशारी वाटली. बायको गेल्यापासून मी दारात बसून रस्ता बघायचो, दुसरं काही करत नव्हतो. मुलगा सकाळीच नवलाख उंबऱ्याला कारखान्यात जातो, सून अंगणवाडीवर जाते. मागं घरात मी आणि भिंतीवरचा फोटो. त्यात त्यांची ही पोर दहा दिवसांच्या सुट्टीवर आली आणि आल्या आल्या मला कामाला लावलं.

नात फौजेचं विमान शिकते. मी चौथी शिकलेला माणूस, मला समजलं तेवढं सांगतो. शिकाऊ विमानात दोनच जागा. पुढं शिकणारा, मागं शिकवणारा. तिला तो सर, मला उस्ताद. विमान वळवायचा दांडा दोघांच्याही पुढ्यात असतो. उस्ताद "यू हॅव कंट्रोल" म्हणाला की विमान तुझं. "आय हॅव कंट्रोल" म्हणाला की त्याचं, आपण हात काढायचे. उडवायचं, वळवायचं, उतरवायचं, हे पोरीला झकास येत होतं. पण उस्तादानं विमान आपल्या हातात घेऊन आडवं केलं, उलटं केलं, की हिच्या पोटात कालवायला लागायचं. तीनदा ओकायची पिशवी भरली. ती पिशवी ज्याची त्यानं घेऊन उतरायचं, सगळ्यांच्या देखत. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, सुट्टीत गरगर फिरून डोक्याला सवय लाव. परत आलीस की एक फेरी होईल. त्या फेरीत पिशवी लागली तर विमान बंद, जमिनीवरचं काम घ्यायचं.

"जमिनीवरचं पन फौजेचंच ना?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्ची फिरवायला घेतली.

हे दुखणं कुठनं आलं ते मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आजीकडनं. कामशेतहून पवनेच्या बाजूला एसटी निघाली की पहिल्याच वळणाला आमच्या हिचं डोकं खिडकीबाहेर. लिंबू झालं, आलं झालं, आवळकाठी झाली, काही उपयोग नाही. मी तीस वर्षं टेम्पो चालवला, कामशेतच्या बाजारातला तांदूळ लोणावळ्याच्या हॉटेलांना पोचवला, आणि माझ्याच बायकोला गाडी लागायची. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणायचे, "ह्याची बायको ह्याच्या टेम्पोपेक्षा जास्त धूर सोडती." हिच्याकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. मिठाच्या रिकाम्या पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, घडी घालून त्यात ठेवायच्या. गावाला जायचं म्हटलं की दोन पिशव्या कमरेला खोचूनच ती दाराबाहेर पडायची. ती गेल्यावर सुनेनं तिच्या साड्या वाटल्या. डबा मी कुणाला हात लावू दिला नाही.

खुर्ची मुलानं कारखान्याच्या भंगारातून आणलेली, कुण्या साहेबाची, एक हात तुटलेली, पण गरगर फिरणारी. पेडलांच्या जागी पायाशी दोन विटा, दांड्याच्या जागी लाटणं. नातीनं वहीच्या कागदावर उडण्याआधीची तपासणी मला वाचता येईल अशी मोठ्या अक्षरात लिहून दिली. मी वाचायचं, तिनं डोळे मिटून हात त्या त्या जागी न्यायचा आणि उत्तर द्यायचं.

"इंधन?"

"बघितलं."

"पट्टे?"

"आवळले."

"काचेचं झाकण?"

"बंद."

"सीटची पिन?"

"काढली."

"ही पिन कशाची गं?"

"ती काढली ना आबा, की मग संकटात सीट माणसासकट वर उडते."

तेव्हापासून ती ओळ मी जरा बेतानंच वाचायचो.

शेजारची वहिनी कुंपणाला टेकून रोज तमाशा बघायची. "भाऊ, पोरीला झपाटलंय का काय? गरागरा फिरवताय ते."

"व्हय. इमानानं झपाटलंय."

"मग लिंबू उतरून टाका की."

"लिंबू लय झाली वहिनी. खाऊनच दात आंबलेत तिचे."

नात खुर्चीत हसली आणि हसता हसता परत गोठ्यामागं पळाली.

पाच दिवसांत नवाच्या वीस गिरक्या झाल्या. पण मी मधेच खुर्ची उलटी फिरवली, नाहीतर मागं कलती केली, की संपलं. पाचव्या दिवशी दुपारी तिनं लाटणं ओट्यावर ठेवलं. फेकलं असतं तर बरं वाटलं असतं. नीट ठेवलं.

"आबा, माझ्यात आजीचंच पोट आलंय. ते बदलता येत नाही. मी फोन करून सांगते, मला जमिनीवर टाका."

  आम्ही दोघं नुसती ओट्यावर बसलो. समोर डोंगरावरनं पॅराशूटवाले उडत होते. आमच्याकडं ते रोजचंच. पुढं गिऱ्हाईक बांधलेलं, मागं उडवणारा. त्यातलं एक आमच्या रिकाम्या खाचरात उतरलं. गिऱ्हाईक पट्ट्यातून सुटलं आणि बांधावर ओणवं होऊन ओकायला लागलं. मागचा खिशातनं शेंगदाणे काढून खात उभा. वारा तोच, गिरक्या त्याच, दोघांच्यात एका हाताचं अंतर नाही.

माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. मी एकदम उभाच राहिलो.

"पोरी," मी म्हणालो, "बसनाऱ्याला लागती. चालवनाऱ्याला लागत न्हाई. तुजं पोट आजीचं असू दे. आजीला पन एकदा लागली न्हवती."

"कधी?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोनं शपथ घातली होती. पण आता शपथ बघायची का पोरीचं विमान बघायचं? मी सांगून टाकलं.

मुलगा लहान होता तेव्हाची गोष्ट. टेम्पो रिकामा, आम्ही दोघंच, धरणाच्या कडेचा रस्ता. तिच्या दोन्ही पिशव्या संपल्या आणि ती माझ्यावर चवताळली. "तुमी मुद्दाम वळनं घेताय."

मी पण तापलो. "मग तू घे की."

"सरका."

सरकलो. पदर खोचून बाई बसली स्टिअरिंगवर. पहिला गिअर, तोही कण्हत. मी एक हात हँडब्रेकवर आणि जीव मुठीत धरून बाजूला. ती प्रत्येक वळणाच्या आधी ओरडत होती, "आता डावीकडं! आता उजवीकडं! दगड! म्हस, म्हस, अवं म्हस!" मी मागं वळून बघितलं तर म्हैस कधीच गेलेली. सात वळणं तिनं काढली. तिला काही झालं नाही. मळमळलं ते मला. आयुष्यात पहिल्यांदा. आठव्या वळणाला टेम्पोचं नाक करवंदीच्या जाळीत आणि आरसा फुटला. आम्ही दोघं जाळीत बसून इतके हसलो की गुराखी बघायला आले. मग तिनं शपथ घातली, "बाईमानसानं टेम्पो जाळीत घातला असं गावभर झालं तर बघा." आरसा मीच फोडला असं मी स्टँडवर सांगितलं. वर्षभर चेष्टा सोसली.

नात तोंड उघडं टाकून ऐकत होती. हसायला लागली. डोळ्यांतनं पाणी पण येत होतं. मग तिचा चेहरा बदलला, हिशेब लागल्यासारखा.

"पण आबा, सरांच्या हातात विमान असताना मी दांडा कसा धरू?"

"दांडा नको धरू. तोंड चालव. उस्ताद आदी सांगतो का न्हाई, आता काय करनार ते?"

"सांगतात. पण मी ऐकतच नाही. मी पोट धरून बसते."

"म्हंजे पाशिंजर झालीस. त्यांच्या आदी तू वळ. वळन यायच्या आत तू म्हन."

तिनं ओट्यावरचं लाटणं उचललं.

त्या संध्याकाळी मी उस्ताद झालो. मागं उभा राहून म्हणायचो, "आय हॅव कंट्रोल. डावीकडं, मग उलटं." ती गिरकीच्या एक पाऊल पुढं बोलत जायची. "डावा पंख खाली. नाक वर. जमीन डोक्यावर येतेय. आली. आता परत खाली." मी फिरवतोय का ती फिरवतेय, मलाच कळेना. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. खुर्चीचं चाक गरम झालं. वहिनी कुंपणावरनं मोजत होती. तिसावीला तिनं टाळ्या वाजवल्या. गोठ्यामागं कुणी गेलं नाही.

आठव्या दिवशी मुलाच्या गाडीत मागं बसवून तिला धरणाच्या त्याच रस्त्यानं नेलं. मुलगा चालवत होता. ती प्रत्येक वळणाच्या आधी बोलत होती. करवंदीची ती जाळी आली तेव्हा ती मोठ्यानं ओरडली, "म्हस!" मुलानं घाबरून करकचून ब्रेक दाबला. आम्ही आजा-नात हसून बेजार. तो म्हणाला, "दोघंबी वेडी झालीत." त्याला काही सांगितलं नाही. शपथ मोडायची ती एकाच माणसापुरती.

ती गेली. फेरी कुठल्या दिवशी ते तिनं सांगितलं नव्हतं. मी रोज आंघोळ करून फोन खिशात घालून त्याच खुर्चीत बसायचो. रस्ता आता बघत नव्हतो, आभाळ बघत होतो. आमच्या बाजूनं जाणारं प्रत्येक विमान मला तिचंच वाटायचं. ती कुठं आणि आम्ही कुठं, पण वाटायचं.

एके दिवशी जेवायला बसलो आणि फोन वाजला.

"आबा, पिशवी कोरी!"

भाताचा घास हातात तसाच. "उलटं केलं का?"

"दोनदा. गिरकी पण घेतली. मी सारखी बोलत होते. सर म्हणाले, काय पुटपुटतेस? मी म्हटलं, सर, वळणं."

"म्हस म्हनालीस का?"

"एकदा गेलं तोंडातून."

मी इतक्या मोठ्यानं हसलो की सून चुलीपासनं धावत आली.

"आणि ऐका ना. मग विमान टेकल्यावर सर खाली उतरले."

"का? त्यास्नी लागली?"

"नाही हो आबा! मला एकटीला पाठवलं. सोलो! मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे मीच बांधले, हलू नयेत म्हणून. एक चक्कर मारून आले. एकटी!"

मी बाहीनं डोळे पुसले. सुनेनं फोन माझ्या हातातनं घेतला, तीही रडायला लागली. मग मी परत ओढून घेतला.

"ती कोरी पिशवी टाकू नगं. घेऊन ये."

"कशाला?"

"आजीच्या डब्यात ठेवायची हाय."

फोन ठेवून मी खरकट्या हातानंच फोटोपुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तुजी शपथ मोडली मी. आरसा कुनी फोडला ते पोरीला सांगितलं. आज ती एकटी वर जाऊन आली, ओकली न्हाई."

बायको गेल्यापासून चार महिन्यांत मी पहिल्यांदा तिच्याशी मोठ्यानं बोललो होतो.  सुनेनं ताटातला भात परत गरम करून वाढला, आणि मी दोनदा मागून घेतला.