हिरव्याच्या घरात लाल

गल्लीत त्यांना सगळे टीव्हीवाले काका म्हणत. संच कितीही जुना असो, काकांचा हात लागला की बोलायला लागायचा. पण काकांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी पंचवीस वर्षं जिवापाड लपवली होती. सुट्या भागांवरचे रंगीत पट्टे वाचण्याऐवजी ते प्रत्येक भाग मीटर लावून मोजत. लोक म्हणत, केवढा काटेकोर माणूस.

जुन्या संचांनी त्यांचं निभावून नेलं. आधी अँटेनाची एकच वायर. मग पिवळी पिन आली. सगळं चित्र त्या एकटीतून यायचं. पिवळं काकांना चांगलं दिसे. पुढे चित्राच्याच तीन पिना असलेले संच निघाले. लाल, हिरवी, निळी. चित्र सुरेख यायचं, पण काकांना त्यातल्या दोन सारख्याच दिसत. भोकांवरची अक्षरं वाचून ते वेळ मारून नेत.

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी असाच वापरलेला संच घेतला. मागची अक्षरं पार पुसलेली. काकांनी डीव्हीडी प्लेअरच्या पिना अंदाजाने संचात खोचल्या. पडद्यावर नुसत्या फाटक्या रेघा.

"दुकानात न्यावा लागेल," बाईंच्या नजरेला नजर न देता ते म्हणाले, आणि संच, प्लेअर, वायरी सगळं उचलून आले.

दुपारी काकू डबा घेऊन दुकानात आल्या. संचाच्या मागे सहज डोकावल्या.

"अहो, हिरव्याच्या घरात लाल घुसलीय."

काका बराच वेळ हातातला पेचकस पुसत राहिले. मग म्हणाले, "मला ते दिसत नाही. कधीच दिसलं नाही."

"ठाऊक आहे," काकू डबा उघडत म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या वर्षी हिरवी लोकर आणा म्हटलं, तर तुम्ही विटकरी घेऊन आलात. वर म्हणालात, बघ, अगदी तुझ्या मनासारखी. तिचाच स्वेटर विणला मी तुम्हाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. जरा जास्तच थांबले."

काकांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "पिनांना दोऱ्याच्या गाठी मारून ठेव. ओळखू येतील."

"पिनांना मारीन. भोकांना कशा मारू? त्यापेक्षा मीच येते बरोबर."

संध्याकाळी दोघं संच घेऊन बाईंकडे गेले. काकूंनी पिना लावल्या. चित्र आलं.

"काय बिघडलं होतं?" बाईंनी विचारलं.

काका काहीतरी थाप मारणार होते. मग म्हणाले, "संच ठीक होता. मला लाल-हिरवं ओळखता येत नाही, बाई."

"माझ्या वर्गात असा एक मुलगा होता," बाई हळूच म्हणाल्या. "झाडं तांबडी रंगवायचा. मी त्याला खोडसाळ समजून उभं केलं होतं." त्यांनी काकांसाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा ना. चहा टाकते."

काका मात्र रिमोट घेऊन पडद्यासमोर उभे राहिले. "चेहरा कसा दिसतोय?" त्यांनी काकूंना विचारलं.

"उन्हात भाजल्यासारखा. रंग कमी करा. अजून थोडा."

काका बटण दाबत राहिले, काकू पुरे म्हणेपर्यंत.