लाल रेघेच्या आत

माझ्या डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर अर्धंच उरलंय. कुणी विचारलं की मी सांगतो, "मशीन उसळली." हे धडधडीत खोटं आहे आणि चार वर्षं मी ते बिनदिक्कत सांगत आलोय.

एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटसाठी पुस्तकांचं कपाट स्वतःच्या हाताने करायची हौस मला आली होती. वसईगावातले एक म्हातारे सुतारकाका रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून आल्यावर मला शिकवायला तयार झाले. त्यांच्याकडे आडव्या लोखंडी दांड्याला टांगलेली विजेची करवत होती. फळी टेबलावर टेकवायची, करवत आपल्याकडे ओढायची, की वीस फळ्या एका मापाच्या. काकांचा उजवा खांदा धरलेला होता, त्यामुळे त्यांचं सगळं काम तिच्याच जिवावर चालायचं.

टेबलावर पात्याच्या वाटेजवळ त्यांनी लाल रेघ मारली होती. "डावा हात हिच्या आत न्यायचा नाय. तुकडा पडला तरी पातं थांबेपर्यंत उचलायचा नाय." मी मान डोलावली. मी इंजिनियर, मला काय शिकवता!

तिसऱ्या रविवारी काका म्हणाले, "पानी पिऊन येतो, तोवर हात लावू नको." ते आत गेले. मी मशीन सुरू केली, एक फळी कापली आणि पातं फिरत असतानाच तुकडा उचलायला रेघेच्या आत हात घातला.

दवाखान्यात बायकोने विचारलं, कसं झालं? नाचता येईना अंगण वाकडं! म्हटलं, "मशीन जुनाट आहे, एकदम उसळली." दुसऱ्या दिवशी ती आणि मेव्हणा काकांच्या दारात उभं राहून नको नको ते बोलले. मी बाहेर रिक्षात बसून सगळं ऐकत होतो. रक्त रेघेच्या आत सांडलं होतं, ते काकांनीच पुसलं असणार, म्हणजे माझा हात कुठे होता ते त्यांना ठाऊक होतं. तरी ते एवढंच म्हणाले, "चूक माझी. आता ती मशीन नाय चालवनार."

गेल्या महिन्यात खरं सांगायचंच म्हणून गेलो. मशीनवर ताडपत्री होती. काका हातकरवतीने फळी कापत होते आणि दर थोड्या वेळाने थांबून खांदा चोळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोट बरं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ही फळी धर जरा."

मी धरली. करवत लावण्याआधी त्यांनी माझा डावा हात उचलून वीतभर लांब ठेवला. फळी कापून झाल्यावर मी खरं न सांगताच घरी परत आलो.