लाख दूर्वांचं कोर्ट

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या घरातले दोन जीव एकाच वेळी अत्यवस्थ झाले. एक आमचे बाबा आणि दुसरं बाबांचं टेनिस कोर्ट. त्यातला एकच वाचला.

'बाबांचं कोर्ट' म्हणजे ते काही आमच्या मालकीचं नाही. (आमच्या मालकीचा फ्लॅट आहे, त्यात कॅरम मांडला तर एकाला उभं राहावं लागतं!) धरमपेठेच्या मागच्या अंगाला एक जुना, छोटासा क्लब आहे आणि त्या क्लबात गवताचं एकच कोर्ट होतं. गवत म्हणजे हरळी. आपण गणपतीला जी दूर्वा वाहतो ना, तीच. बाबा रिटायर झाल्यापासून हौसेनं त्याची देखभाल करायचे. पाणी द्यायचे, गवत कापायचं मशीन फिरवायचे, रोलर ओढायचे, आणि कोणी चपलेनिशी आत पाय ठेवला की गेटपासून ओरडायचे, "ओ भाऊ! घरी गादीवर असेच चढता का?" मी त्यांच्या पोटचा पोरगा, पण मलाही कधी सूट मिळाली नाही.

दर हिवाळ्यात तिथं एक एक्झिबिशन मॅच व्हायची. बाहेरगावचे दोन चांगले खेळाडू पांढऱ्या कपड्यांत यायचे आणि सगळी वस्ती स्वेटर-मफलर चढवून बघायला जमायची. टेनिस कोणालाच कळत नव्हतं. तीसनंतर पंचेचाळीस का नाही, चाळीसच का, यावर दरवर्षी तोच वाद, त्याच माणसांत! पण तर्री-पोहे असायचे, पोट्टे भिंतीवर बसायचे, आणि एरवी गाडी कुठं लावायची यावरून एकमेकांची आय-माय काढणारे शेजारी त्या दिवशी मांडीला मांडी लावून टाळ्या वाजवायचे. वर्षातून एक दिवस आमची वस्ती माणसात यायची.

यंदा क्लबच्या अध्यक्षांना ते गवत खुपायला लागलं. त्यांना तिथं लग्नाचा लॉन करायचा होता. (नागपुरात लॉन म्हणजे जिथं गवत सोडून सगळं असतं. डीजे, पनीर, घोडी!) बाबांनी भांडून भांडून एक संधी मागून घेतली.

"साहेब, यंदाची मॅच होऊ द्या. गवतावर चेंडू कसा चालते ते लोकायले पाहू द्या. मंग बोला."

"ठीक आहे काका," अध्यक्ष म्हणाले. "मॅच झकास झाली तर गवत राहील. शब्द देतो."

आणि मॅच तोंडावर आली असताना बाबा न्यूमोनियानं आडवे झाले. थेट आयसीयू. नाकातोंडात नळ्या, छातीवर वायरी. डॉक्टर बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काही सांगता येत नाही."

आता माझी ओळख करून देतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. नवस, उपास, अंगारे-धुपारे यांच्यावर माझं एक खणखणीत व्याख्यान आहे, ते मी दर वर्षी नववीला देतो. पण त्या दुपारी आत जाऊन बाबांचा हात हातात घेतला, तर त्यांची नखं पांढरीशुभ्र होती. जन्मात पहिल्यांदा मी ती स्वच्छ पाहिली. नर्सनं घासून माती काढली होती. माझा बाप आता जातो, असं मला वाटलं, आणि मी बाहेर येऊन बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो.

तेवढ्यात खाप्याहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण.

"काहून रडून राहिला बे? रडल्यानं बाप उठते का? मी गणपतीले लाख दूर्वा बोलली. चतुर्थीले वाहाच्या."

"लाख? आत्या, या दिवसांत सगळं वाळून गेलं! लाख दूर्वा आणाच्या कुठून?"

मग कोपऱ्यातून आई हळूच म्हणाली, "आहे नं एका जागी."

बाबांकडची क्लबच्या गेटची किल्ली आता माझ्या खिशात होती.

"आई! बाबा उठले तर जीव घेतील आपला!"

"उठू तर दे," आई म्हणाली.

मी खिशातून किल्ली काढली. बाबा दवाखान्यात गेल्यापासून कोर्टावर मशीन फिरलं नव्हतं, त्यामुळे हरळीला बोटभर कोवळे शेंडे आले होते. आत्यानं वस्तीतलं भजनी मंडळ गोळा केलं. बायांनी चपला गेटबाहेर काढल्या, नेटच्या अलीकडच्या अर्ध्या भागात रांगेनं बसल्या आणि तोंडानं नाव घेत घेत नखानं एक एक शेंडा खुडायला लागल्या. शांतपणे, जणू गावभरचा वेळ त्यांच्याच पदराला बांधलेला! मी मनात हिशेब मांडला. या चालीनं लाख पुऱ्या व्हायला होळी उजाडली असती.

मग मी पुढाकार घेतला. (आमच्या घरात माझ्या पुढाकाराला सगळे टरकतात, ते उगाच नाही.)

दुसऱ्या दिवशी मी अख्खी नववी ब घेऊन आलो. 'वनस्पतिशास्त्राचं प्रात्यक्षिक' म्हणून! नेटच्या पलीकडच्या अर्ध्या भागात पोट्टे उभे केले आणि विचारलं, "वनस्पतीचा नमुना कसा घ्यायचा?"

"मुळासकट, सर!"

"जोरात!"

"मुळासकट, सर!!"

वीस वर्षं मी हेच शिकवत आलो होतो. आणि काय सांगू, ज्या पोट्ट्यांनी जन्मात गृहपाठ पुरा केला नाही, ते असे तुटून पडले की धूळ उडाली. मीही गुडघ्यांवर बसलो. मूठ भरली की ओढायची, मूठ भरली की ओढायची, आणि प्रत्येक मुठीगणिक मनात म्हणायचं, 'उठा ना बाबा, उठा.' माझं ते खणखणीत व्याख्यान त्या वेळी कुठं गेलं होतं कोण जाणे. संध्याकाळी मान वर केली तेव्हा एका बाजूला कमरेएवढा ढीग होता, आणि नेटपासून मागच्या रेषेपर्यंत नांगरलेल्या वावरासारखी काळी माती.

मी फुशारकीनं आत्याला बोलावलं. तिनं ढिगातली एक काडी उचलली.

"हे काय होय?"

"दूर्वा!"

"मंग याले मुळं काहून आहेत?"

"नमुना म्हटला की मुळासकटच..."

"भैताडा! देवाले कोवळे शेंडे वाहतात, तीन पात्यांचे! त्याच्या डोक्यावर का माती टाकतं? फेक ते!"

"सगळं?"

"सगळं!"

तो ढीग शेवटी गेटबाहेरच्या गाईपुढं टाकला. आणि बायांनी त्यांच्या अर्ध्या भागातूनच, न ओरडता, न धूळ उडवता, चतुर्थीच्या आत लाख पुऱ्या केल्या.

चतुर्थीला दूर्वा वाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. आत्या म्हणाली, दूर्वा लागू पडल्या. मी कोणाशीच वाद घातला नाही. नळी काढल्यावर बाबांचा पहिला शब्द होता, "पाणी." आईनं घाईघाईनं चमचा पुढं केला.

"मले नाही," बाबा पुटपुटले. "कोर्टाले."

आम्ही तिघं खिडकीबाहेर बघायला लागलो.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका." मी पुन्हा पुढाकार घेतला. मंडपवाल्याकडून हिरवीगार मॅट आणली आणि उजाड भागावर अंथरून खिळे ठोकले. अध्यक्ष पाहून खूश झाले. "वा मास्तर! हे तर मस्त दिसून राहिलं. लग्नाले हेच टाकू!" मी हसलो.

मॅचच्या दिवशी बाबांना थोपवायला मी सांगितलं, की मॅच रद्द झाली. त्याच क्षणी खालून भोंगेवाला ऑटो गेला, "आज! आज! आज! टेनिसचा भव्य सामना!" मग माकडटोपी, शाल, व्हीलचेअर, आणि आम्ही सगळे निघालो. वस्तीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाबांचे डोळे भरून आले.

चार-पाच चेंडू बरे गेले. मग एक चेंडू मॅटवर पडला, तो उसळलाच नाही. तिथंच मेला. पाहुणा खेळाडू त्याच्यासाठी धावला, पाय अडकला, आणि तो मॅटवर नाही तर मॅट घेऊन घसरला! खिळे टकाटक उपटले. सगळ्या वस्तीसमोर, बाबांच्या व्हीलचेअरपुढं, काळी माती उघडी पडली.

कोणी हसलं नाही. एक पोट्टं हसलं, त्याला त्याच्या आईनं चापट मारली.

"कोनं केलं?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यासाठी केलं हो," आई रडायलाच लागली. "लाख दूर्वा बोललो होतो."

बाबांनी अलीकडच्या भागाकडे बोट केलं. "ही बाजू?"

"आमी बायांनी खुडली," आत्या म्हणाली.

"हे तर चांगलं झालं. शेंडे खुडले का हरळी दाट येते." मग बोट हळूहळू पलीकडं गेलं. "आणि ती?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रात्यक्षिक होतं, बाबा."

"मुळासकट?"

"हाव."

"मंग वाहिली तरी का देवाले?"

"नाही," मी म्हणालो. "गाईनं खाल्ली."

बाबा रडले. आवाज न करता, माकडटोपीत. माझ्या बापाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं, तेही माझ्यामुळे, आणि मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. पोह्यांना कोणी हात लावला नाही. अध्यक्षांनी चार मोठ्या माणसांना बाजूला घेतलं, माना हलल्या आणि निकाल लागला. महिनाभरात जेसीबी आला. आता तिथं लॉन आहे. डीजेच्या आवाजानं बाबा खिडकी लावून घेतात.

तब्येत मात्र ठणठणीत आहे. परवा सकाळी त्यांना जरा ठसका लागला, तर आईनं लगेच कळवलं आणि आत्याचा खाप्याहून फोन. स्पीकर चालू होता.

"भाऊ, मी पुन्हा काही बोलू का रे गणपतीले?"

"बोल नं, खुशाल बोल," बाबा म्हणाले. "पन हे पाह्य, यापुढं मी आयसीयूत असो का कुठंही असो, फक्त या मास्तरले कळवजो नको!"

मी आशेनं आईकडे पाहिलं. काही झालं तरी आई आहे, ती कळवेलच.

आई म्हणाली, "डबा भरला तुहा. शाळेत जाय."